कॅमेरा दिसला की ब्रेक, मागे पडला की ॲक्सिलरेटर

१९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणारा डच चालक मॉरिस गॅटसोनिडेस याला वळणावरचा आपला वेग नेमका मोजून आणखी वाढवायचा होता. त्यासाठी त्याने बनवलेल्या उपकरणातूनच पुढे पोलिसांचे स्पीड कॅमेरे आले.

ताशी वीसेक किलोमीटर जास्त वेगाने असा काय फरक पडतो, असं अनेकांना मनापासून वाटतं. समजा, दोन गाड्या शेजारीशेजारी चालल्या आहेत, एक ताशी १०० ने, दुसरी १२० ने. अडथळा दिसताच दोघींचे ब्रेक एकाच जागी, सारख्याच जोराने लागले. पहिली अडथळ्याला टेकता टेकता थांबते. त्याच जागी दुसरीचा वेग अजून ६६ असतो! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १२० च्या वर्गातून १०० चा वर्ग वजा करायचा आणि उरलेल्या ४,४०० चं वर्गमूळ काढायचं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत वेगवान गाडी जे जास्तीचं अंतर कापते, ते तर यात धरलेलंही नाही.

एका जागचा कॅमेरा मात्र तेवढ्या जागेपुरताच धाक घालतो. रस्ता ओळखीचा असलेले चालक तिथे वेग कमी करतात आणि पुढे गेले की भरपाई करतात. यावर उपाय म्हणजे सरासरी वेग मोजणं. दोन कॅमेरे नंबरप्लेट आणि वेळ टिपतात. मधलं अंतर १० किलोमीटर असेल आणि गाडी पाच मिनिटांत पोहोचली, तर सरासरी १२० झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या नव्या यंत्रणेत ही सोय आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते.

पण अपघात कमी झाले ते कॅमेऱ्यामुळेच, हे ठरवणं सोपं नाही. कॅमेरे बहुधा जिथे नुकतेच खूप अपघात झाले तिथे बसतात. एखादं वर्ष निव्वळ योगायोगानेही फार वाईट जातं आणि पुढच्या वर्षी, काहीही न करता, आकडा नेहमीच्या पातळीवर येतो. ती घट कॅमेऱ्याच्या खात्यात जमा करणं चूक आहे. ब्रिटनमध्ये २०१६ साली हा परिणाम आणि अपघातांचा एकूण उतरता कल वजा करून हिशेब मांडला गेला. तरीही सरासरी वेगाच्या कॅमेऱ्यांमुळे प्राणघातक आणि गंभीर अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

आपल्याकडे किती चलनं फाडली, किती दंड जमला, याच्या बातम्या येतात. त्यापेक्षा कॅमेरे बसण्याआधीच्या चार-पाच वर्षांचे आणि नंतरचे मृत्यूंचे आकडे, टप्प्याटप्प्याने, लोकांसमोर ठेवायला हवेत.