पार्श्वभूमी: संशयित फाइल डिलीट करायची की क्वारंटाइनमध्ये ठेवायची?

अँटीव्हायरसच्या रिपोर्टमध्ये 'क्वारंटाइन केले', म्हणजे फाइल न पुसता कुलूपबंद करून बाजूला ठेवली, हा शेरा आज सर्रास दिसतो. पूर्वी तसे नव्हते. 1986 चा ब्रेन काय किंवा 1992 मध्ये गाजलेला मायकलअँजेलो काय, हे व्हायरस बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कचा जो भाग आधी वाचला जातो त्यात, बसत. तिथे बाजूला काढून ठेवण्याजोगी फाइलच नसे. सेक्टर पुन्हा नीट लिहिला की काम संपे. फाइलला चिकटणाऱ्या व्हायरसचा भाग कापून काढता आला तर ठीक, नाहीतर डिलीट.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात वाद खरा वाढला तो पेन ड्राइव्हच्या काळात. लग्नपत्रिकेचे काम घेऊन येणारा ग्राहक, उतारा किंवा आधारची प्रत काढायला आलेला विद्यार्थी, उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमधून ड्रॉइंग घेऊन आलेला कामगार, सगळ्यांचे पेन ड्राइव्ह दुकानातल्या त्याच दोन-तीन कॉम्प्युटरांना लागत. नोव्हेंबर 2008 मध्ये आलेला कॉन्फिकर हा व्हायरस पुढे पेन ड्राइव्हवर ऑटोरनची, म्हणजे ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम सुरू करणारी, फाइल टाकून पसरू लागला. फेब्रुवारी 2011 मध्ये विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावर पेन ड्राइव्हचे ऑटोरन अपडेटने बंद झाले, आणि मग शॉर्टकट व्हायरसचा सुळसुळाट झाला. तो मूळ फोल्डरांना हिडन आणि सिस्टिम असे दोन्ही गुण लावून लपवायचा आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवायचा. अँटीव्हायरस शॉर्टकट उडवी, पेन ड्राइव्ह रिकामा दिसे आणि ग्राहक दुकानदाराशी भांडे. डेटा तिथेच असे. सिस्टिम गुण लागल्यामुळे प्रॉपर्टीजमधली हिडनची खूण काढता येत नसे, म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब कमांड उणे एच, उणे एस, स्लॅश एस, स्लॅश डी अशी चालवावी लागे. हे ठाऊक नसलेल्या कितीजणांनी पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारला असेल, देव जाणे.

त्याच सुमाराचे सॅलिटी, विरुट आणि रॅम्निट हे व्हायरस याहून वाईट. ते चालत्या प्रोग्रामांच्या फाइलींतच घुसत. सेटिंग 'डिलीट'वर असले की एका स्कॅनमध्ये हिशेबाचे सॉफ्टवेअर, प्रिंटरची युटिलिटी, फॉन्टचे इंजिन सगळे साफ. 'क्लीन'वर असले तरी काही फाइली मोडक्याच परत येत, कारण व्हायरसने मूळ कोडचा काही भाग पुसून टाकलेला असे.

आपोआप होणारी कारवाई कोणती असावी, हा वाद इथूनच पेटला. डिलीटवाल्यांचे म्हणणे असे की नवख्या ऑपरेटरच्या हाती 'रिस्टोअर'चे बटण देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली. त्यात तथ्य आहे. क्रॅक, म्हणजे सॉफ्टवेअर फुकटात चालवणारी चोरटी फाइल, अडला की तो परत आणायचा आणि वर अख्खा डी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळायचा, ही सवय अजूनही गेलेली नाही. तरीही क्वारंटाइनची बाजू वरचढ ठरली ती खोट्या इशाऱ्यांमुळे, म्हणजे निर्दोष फाइललाच व्हायरस ठरवल्यामुळे. मे 2007 मध्ये एका अँटीव्हायरसने चिनी भाषेतल्या एक्सपीमधल्या दोन सिस्टिम फाइली ट्रोजन (साळसूद रूपात शिरणारा घातक प्रोग्राम) समजून उचलल्या. 21 एप्रिल 2010 च्या एका अपडेटने एक्सपी सर्व्हिस पॅक 3 मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजच्या अंतर्गत सेवा चालवणारी फाइलच काढून घेतली. मशिन पुन्हापुन्हा रिस्टार्ट होत, नेटवर्कही जाई, त्यामुळे एकेका कॉम्प्युटरपाशी बसून ती फाइल हाताने परत ठेवावी लागली. क्वारंटाइन हा रामबाण नव्हे हेही त्या दिवशी कळले, पण डिलीटपेक्षा तो बराच बरा.

सीमाभागात अशा खोट्या इशाऱ्यांना एक खास वाव आहे. मराठी-कन्नड टायपिंगची जुनी कीबोर्ड इंजिने प्रत्येक प्रोग्राममधली कळ मधेच पकडून बदलतात. प्रोग्रामचे वर्तन पाहणाऱ्या अँटीव्हायरसला ते कीलॉगरसारखे, म्हणजे टाइप केलेले चोरून टिपणाऱ्या प्रोग्रामसारखे, वाटू शकते. शिवाय विंडोजने देवनागरी किंवा कन्नडला सिस्टिमसाठीचे जुन्या पद्धतीचे कोडपेज (अक्षरांना आकडे नेमून देणारा तक्ता) कधी दिलेच नाही, या लिप्या थेट युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामाईक तक्त्यात, आल्या. युनिकोड न पाळणाऱ्या रिपोर्टमध्ये म्हणूनच फाइलच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हे उमटत. अशा वेळी फोल्डर आणि वेळ यांवरूनच ओळख पटवावी लागे.

विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 नंतर, डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजसोबतच येऊ लागला. त्याच्या क्वारंटाइनमध्ये फाइल सांकेतिक रूपात राहते, मूळ जागा आणि व्हायरसचे नाव वेगळे नोंदवले जाते. नावाच्या शेवटी 'एमएल' असेल तर निदान मशीन लर्निंगचे आहे. तिथे शंकेला जागा ठेवावी. परत आणण्याआधी विंडोजमधल्या सर्टयूटिल कमांडने मूळ इन्स्टॉलरचा एसएचए-256 हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून तो व्हायरस तपासणाऱ्या संकेतस्थळावर शोधावा. फाइलच अपलोड करू नये, कारण ग्राहकाचे कागद त्या संकेतस्थळाच्या हवाली होतात. फाइल पेन ड्राइव्हवरून उचललेली असेल आणि आता त्याला एफऐवजी जी अक्षर मिळाले असेल, तर साधे रिस्टोअर फसते. डिफेंडरच्या एमपीसीएमडीरन कमांडला नवी जागा सांगावी लागते. विंडोज नव्याने मारले की क्वारंटाइनही गेले, तो बॅकअप नव्हे.

अलीकडचा पेच नोंदींच्या मुदतीचा आहे. डिफेंडरचा पडद्यावरचा इतिहास साधारण 2 आठवडेच दिसतो, क्वारंटाइनमधली फाइल सेटिंग न बदलल्यास 90 दिवसांनी जाते, आणि 28 एप्रिल 2022 च्या केंद्रीय निर्देशांनी संस्थांना लॉग (कॉम्प्युटरमधल्या घडामोडींच्या नोंदी) 180 दिवस जपायला आणि ठरावीक सायबर घटना 6 तासांत कळवायला सांगितले. पतसंस्थेच्या एकट्या कॉम्प्युटर ऑपरेटरकडून हे कसे व्हावे, याचा विचार वर फारसा झालेला दिसत नाही. निदान इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममधला डिफेंडरचा 'ऑपरेशनल' लॉग दरमहा सेव्ह करून दुसऱ्या डिस्कवर ठेवता येतो. त्यात नोंद क्रमांक 1116 म्हणजे धोका सापडला, 1117 म्हणजे कारवाई झाली, आणि 5001 म्हणजे कोणीतरी संरक्षण बंद केले.