लागोपाठ तीन किक हुकल्या म्हणजे फॉर्म गेला?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलबद्दल वर्षानुवर्षे फिरणारी एक समजूत: लागोपाठ तीन गोल हुकले की त्या खेळाडूचा फॉर्म गेलाच.

असं वाटणं स्वाभाविक आहे. पण घरातला फासा घ्या. १ ते ४ पडलं तर गोल, ५ किंवा ६ पडलं तर हुकला. ६० वेळा टाका, दर वेळी लिहून ठेवा. फाशाला ना दडपण, ना दुखापत. तरी बहुतेक वेळा लागोपाठ तीन हुकलेले कुठेतरी सापडतात.

शिवाय किक मारली कुठून? गोलच्या चार खांबांपैकी मधल्या दोन खांबांमध्ये ६.४ मीटर जागा असते. अगदी समोरून, २५ मीटरवर ती साधारण साडेचौदा अंशांत दिसते. ५० मीटरवर जेमतेम सव्वासात अंशांत. कडेच्या रेषेजवळून तर आणखी अरुंद. चेंडू मधल्या दोन खांबांमधून गेला तर गोल, ६ गुण; मधला आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर १ गुण, त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात. स्कोअरकार्डावरचं २.५ म्हणजे २ गोल, ५ बिहाइंड, एकूण १७ गुण. त्यात ना अंतर कळतं, ना कोन.

तंत्र खरोखर बिघडतंही, नाही असं नाही. ते ओळखायचं तर खेळाडूच्या हाताकडे बघा. हातातून बुटावर पडताना चेंडू दर वेळी वेगळा कलंडत असेल, तर माझ्या मते काळजीची खरी खूण ती.