मिनेसोटात वायनरी आणि टेस्टिंग रूम (वाईन चाखण्याची खोली): परवान्याचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

मिनेसोटात स्वतःच्या मळ्यातली वाईन विकायची तर दोन परवाने लागतात. एक अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या टीटीबीचा (अल्कोहोल अँड टोबॅको टॅक्स अँड ट्रेड ब्युरो), दुसरा राज्याचा फार्म वायनरी परवाना. केंद्राची मंजुरी हातात येण्याआधी विक्रीसाठी द्राक्षं चिरडता येत नाहीत आणि घरी छंद म्हणून केलेली वाईन नंतर वायनरीत आणून विकता येत नाही. म्हणून अर्ज हिवाळ्यातच भरावा.

टीटीबीचा अर्ज 'परमिट्स ऑनलाइन'वर होतो, शुल्क नाही. कंपनीनोंदणीची कागदपत्रं, जागेचं खरेदीखत किंवा भाडेकरार, भांडवल कुठून आलं याचा पुरावा, 10 टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येकाची वैयक्तिक माहिती, पर्यावरणविषयक माहिती आणि जागेचा नकाशा जोडायचा. सल्लागार सही करणार असेल तर मुखत्यारपत्रही. कंपनीचं नाव आणि पत्ता सगळीकडे अक्षरशः सारखाच हवा.

सर्वांत जास्त वेळ नकाशाला द्या. वाईन बॉन्डेड जागेतून (कर भरण्याआधी वाईन बनवायची-साठवायची नोंदलेली जागा) विक्रीसाठी बाहेर पडली की कर लागू होतो, त्यामुळे ही हद्द कुठे संपते ते मापांसह स्पष्ट दिसलं पाहिजे. पर्यटक येणार असतील तर विक्रीची, कर भरलेली वाईन वेगळी ठेवायची जागाही दाखवा. नंतर टेस्टिंग रूम वाढवली की दुरुस्तीचा अर्ज पुन्हा करावा लागतो, म्हणून वाढीचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

वर्षाचा कर 50,000 डॉलरच्या आत राहणार असेल तर बॉन्ड (कर भरण्याची हमी) लागत नाही.

7 टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या वाईनला लेबल मंजुरी लागते. 'मार्केट' (Marquette) या द्राक्षाच्या जातीचं नाव छापायचं तर 75 टक्के द्राक्षं त्याच जातीची हवीत. 'अपर मिसिसिपी रिव्हर व्हॅली' हे द्राक्षपट्ट्याचं नाव छापायचं तर 85 टक्के त्या पट्ट्यातली. कडक थंडीत कळ्या मेल्या आणि बाहेरून रस आणला की हे गणित कोलमडतं. अशा वर्षी मंजूर असलेलं जुनं लेबल तसंच वापरू नका.

'फ्राँटेनॅक'सारख्या द्राक्षांत आम्ल फार असतं. ते उतरवायला पाणी-साखर घालता येते, पण एकूण आकारमानाच्या 35 टक्क्यांपर्यंतच, आणि आम्ल लिटरला 5 ग्रॅमच्या खाली जाऊ देता येत नाही. रस काढल्यावर, काही मिसळण्याआधी आम्ल मोजून ती नोंद ठेवा. ही नोंद नसेल तर तपासणीत मर्यादा पाळल्याचं सिद्ध करता येत नाही.

16 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या वाईनवर गॅलनला 1.07 डॉलर केंद्राचा कर आहे. वर्षाच्या पहिल्या 30,000 गॅलनवर 1 डॉलरची सूट मिळून 7 सेंट उरतात. वर्षाचा कर 1,000 डॉलरच्या आत असेल तर तो वर्षातून एकदाच भरता येतो. कामकाजाचा अहवाल मात्र त्या काळात वाईन बनली नसली तरी द्यावाच लागतो.