मिथेनॉलवर पोसलेलं यीस्ट

मिथेनॉल म्हटलं की आपल्याला मालाडच्या मालवणीतलं २०१५ चं दारूकांड आठवतं. शंभराहून जास्त माणसं गेली. पण हेच मिथेनॉल एका यीस्टचं रोजचं जेवण आहे. त्याचं नाव पिकिया पास्टोरिस. १९९५ मध्ये त्याला कोमागाटेला या नव्या प्रजातीत टाकलं गेलं, पण प्रयोगशाळांत अजून ‘पिकिया’च चालतं.

१९२० च्या सुमारास फ्रान्समध्ये चेस्टनटच्या खोडातून पाझरणाऱ्या रसात ते सापडलं आणि पुढे कित्येक वर्षं नोंदवहीतच राहिलं. १९६९ मध्ये जपानच्या कोइची ओगाता यांनी काही यीस्ट नुसत्या मिथेनॉलवर वाढतात हे दाखवलं, तेव्हा तेल कंपन्यांचे कान टवकारले. अमेरिकेतल्या फिलिप्स पेट्रोलियमचा हिशेब सरळ होता: स्वस्त मिथेनपासून मिथेनॉल, त्यावर यीस्ट आणि ते यीस्ट जनावरांच्या खाद्यात. लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त कोरडं यीस्ट निघू लागलं. मग १९७३ चं तेलसंकट आलं. मिथेन महागलं, त्यापेक्षा सोयाबीन परवडू लागलं, आणि खाद्याचा बेत बारगळला.

यीस्ट वाढवण्याची हातोटी मात्र वाया गेली नाही. मिथेनॉल पचवायला पिकिया एक विकर (एन्झाइम) प्रचंड प्रमाणात बनवतं, तेही मिथेनॉल मिळालं तरच. १९८० च्या दशकात सॅन दिएगोच्या संशोधकांनी नेमकं त्या विकराचं जनुक चालू करणारं हे बटण उचललं आणि त्याच्यापुढे हव्या त्या प्रथिनाचं जनुक जोडलं. टाकीत आधी ग्लिसरॉल देऊन पेशी वाढवायच्या. ग्लिसरॉल संपलं की उपाशी पेशी ऑक्सिजन कमी वापरतात आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचा काटा एकदम वर उडतो. ही खूण मिळाली की मिथेनॉल सोडायचं, तेही हात राखून. जास्त झालं तर पिकियालाही ते बाधतं.

हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये याच यीस्टमधून हिपॅटायटिस बी ची लस काढली. जनुकीय तंत्राने बनलेली ती पहिली भारतीय लस. मार्च २०२२ मध्ये १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिलेल्या कोर्बेवॅक्स या कोविड लशीचं प्रथिनही पिकियातलंच.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हिपॅटायटिस बी लस वेगळ्या यीस्टमधून येते, पण तेही मिथेनॉलवरच पोसलेलं. त्या यीस्टला पूर्वी हॅन्सेन्युला म्हणत. आज त्याची प्रजाती ओगाटिया, त्याच ओगातांच्या नावाची.