लैंगिक अत्याचारानंतरची न्यायवैद्यकीय तपासणी

अत्याचार झालेल्या व्यक्तीवर उपचार करणे, तिच्या अंगावरच्या खुणा नोंदवणे आणि प्रयोगशाळेसाठी नमुने गोळा करणे या तिन्ही कामांना मिळून न्यायवैद्यकीय तपासणी म्हणतात. भारतात ही तपासणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार होते (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६४ अ). कशी करायची, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहे.

माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांनी बाईला डॉक्टरकडे पाठवायचे असते. बाई स्वतःहून दवाखान्यात आली, तर मात्र पोलिसांच्या पत्राची वाट पाहायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच हे स्पष्ट केले आहे. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

संमती तीन गोष्टींसाठी वेगवेगळी घेतात: उपचार, तपासणी आणि नमुने. बाई एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणू शकते. नमुने द्यायला नकार दिला म्हणून उपचार अडवता येत नाहीत. पोलिसांना कळवणे रुग्णालयाला बंधनकारक आहे, पण फिर्याद द्यायची नसेल तर ते तिच्या सहीनिशी नोंदवतात. बारा वर्षांवरील मुलीची संमती तिच्याकडूनच घेतात, त्याखालील बालकासाठी पालकाची. पोक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते, तिच्या विश्वासातले माणूस हजर ठेवून. तपासणीच्या खोलीत पोलीस थांबत नाहीत, महिला पोलीसही नाही.

घडलेला प्रकार विचारून घेताना घटनेइतकीच त्यानंतरची हकीकत महत्त्वाची असते. आंघोळ केली का, लघवीला गेली का, कपडे धुतले का, पाळी चालू आहे का, निरोध वापरला होता का, हे सगळे लिहून ठेवावे लागते. पुढे अहवालात काही सापडले नाही, तर का सापडले नाही याचे उत्तर बहुधा याच ओळींत असते.

नमुने पहिल्या २४ तासांत घेतलेले उत्तम. ७२ तासांनंतर शक्यता फार कमी होते, तरी नेमके किती तास गेले याची खात्री नसते म्हणून ९६ तासांपर्यंत घेतात. कपड्यांना ही मुदत लागू नाही. वाळलेला डाग त्यानंतरही उपयोगी पडतो.

क्रमाला अर्थ आहे. तोंडावाटे जबरदस्ती झाली असेल तर तोंडाचे स्वॅब (कापूस लावलेल्या काडीने पुसून घेतलेले नमुने) सर्वांत आधी घ्यावेत. मग बाईला पाणी, चहा देता येतो. तोवर तिला कोरड्या घशाने बसवून ठेवावे लागते, हे पुष्कळदा कोणाच्या लक्षातच येत नाही. त्यानंतर मोठ्या स्वच्छ कागदावर उभे करून कपडे एकेक काढून घेतात. अंगावरून पडलेले केस, माती, धागे त्या कागदावर जमतात. तो कागदही घडी घालून पाकिटात जातो. कपडे झटकायचे नाहीत, फाटलेल्या जागेतून किंवा डागातून कापायचे नाहीत. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवतात. प्लास्टिक नको, कारण ओल आत कोंडली की बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात.

अंगावर चावल्याच्या किंवा चाटल्याच्या जागी डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेला स्वॅब फिरवतात. दोन्ही हातांच्या नखांखालचा मळ दोन वेगळ्या पाकिटांत. गुप्तांगावरचे केस विंचरून सुटे केस घेतात. आधी बाहेरचा, मग आतला असे स्वॅब घेतात, प्रत्येक जागेचे दोन. स्पेक्युलम (योनी उघडी धरण्याचे उपकरण) गरज असेल तरच, आणि नमुने होईपर्यंत त्याला जेली लावायची नाही. आधीच लघवीला जावे लागले तर पुसलेला गॉज टाकून न देता ठेवतात. रक्त दोन बाटल्यांत: डीएनएसाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली, दारूच्या तपासणीसाठी फ्लोराइड असलेली. गुंगीच्या औषधाचा संशय असेल तर लघवीही लगेच घ्यावी, उशीर झाला की औषध निघून जाते.

पुष्कळ नमुने कुठे वाया जातात? वाळवण्यात. रात्री दोनला घेतलेला ओला स्वॅब तसाच नळीत कोंबून सील केला, की प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कुजलेला असतो. सावलीत, साध्या हवेवर पूर्ण वाळवावा. उन्हात किंवा हीटरसमोर नाही. नमुना पसरलेली काचेची स्लाइडही हवेतच वाळवायची.

मग प्रत्येक पाकिटावर एमएलसी (मेडिको-लीगल केस) क्रमांक, नमुन्याची जागा, तारीख, वेळ आणि सही. लाखेचे सील, सोबत सीलचा नमुना ठसा, आणि पोलिसांना देताना पावती. पोलीस लगेच आले नाहीत तर नमुने रुग्णालयानेच कुलपात ठेवायचे. हातोहात जाणाऱ्या या साखळीची एक कडी जरी कागदावर नसली, तरी बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो.

महाराष्ट्रात नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात. मुख्य कार्यालय मुंबईत कलिन्याला आहे. पोलीस आणि वकील तिच्या अहवालाला अजूनही ‘सीए रिपोर्ट’ (केमिकल अ‍ॅनालायझरचा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात. वीर्य सापडले नाही म्हणजे अत्याचार झाला नाही, असे होत नाही: निरोध, नसबंदी, धुणे, उशीर, वीर्यपात न होणे, कारणे अनेक. जखमांचेही तसेच. भीतीने गोठलेली किंवा शुद्ध हरपलेली बाई झटापट करत नाही. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात जखमा नाहीत यावरून संमतीचा निष्कर्ष काढला गेला. त्यावर देशभर उठलेल्या संतापातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली.

डॉक्टरने ‘बलात्कार झाला’ किंवा ‘झाला नाही’ असे लिहायचे नाही. तो न्यायालयाचा शब्द आहे. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटे घालून बाईला संभोगाची सवय आहे का हे ठरवणे), योनिपटल जुने फाटलेले, ‘संभोगाची सवय’ हे शेरे तर शास्त्राबाहेरचेच. सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या अहवालाच्या आधारे २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात या तपासणीबाबत जनहित याचिका झाली. मुंबईत २००८ पासून सेहत ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणीची नवी पद्धत राबवत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोन बोटांची चाचणी अधिकारभंग ठरवली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला ती करणे म्हणजे गैरवर्तन, असे बजावले.

नमुने घेताना औषधे मागे पडता कामा नयेत. गर्भ राहू नये म्हणून लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम शक्य तितक्या लवकर, ७२ तासांत उत्तम, पाच दिवसांपर्यंतही देतात. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसी गरजेनुसार. तरीही गर्भ राहिला, तर गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्या वेळी बाहेर काढलेल्या ऊतीतून पितृत्वाचा डीएनए मिळतो, पण ती नॉर्मल सलाइनमध्ये ठेवली तरच. शस्त्रक्रियागृहात नेहमीच्या हाताने ती फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवण्याच्या द्रावणात) टाकली, की डीएनए खराब होतो आणि पुरावा हातचा जातो.