पार्श्वभूमी : अ‍ॅनिसाकिस आणि उणे 20 अंशांचा नियम

समुद्रातला मासा कच्चा खायला द्यायचा असेल, तर तो आधी गोठवून घ्यावा लागतो, कारण त्यात अ‍ॅनिसाकिस या परजीवी जंताच्या जिवंत अळ्या असू शकतात. युरोपीय संघात हा कायदा आहे. उणे 20 अंश सेल्सियसला किमान 24 तास किंवा उणे 35 अंशांना किमान 15 तास, आणि हे तापमान माशाच्या पृष्ठभागावर नव्हे, सगळ्या भागांत पोचलेले हवे. या नियमाचे मूळ 1950 च्या दशकातल्या नेदरलँड्समध्ये, हेरिंग या लहान समुद्री माशाच्या व्यापारात आहे.

जंताची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. निसर्गशास्त्रज्ञ रुडोल्फी यांनी 1809 मध्ये या जंताचे वर्णन केले आणि 1845 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ दुजार्दाँ यांनी अ‍ॅनिसाकिस ही प्रजाती मांडली. प्रौढ जंत देवमासे आणि डॉल्फिन यांच्या जठरात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून समुद्रात पडतात, अळ्या क्रिलसारख्या लहान कवचधारी जीवांत शिरतात आणि तिथून मासे व माखलीवर्गीय प्राण्यांत जातात. मोठ्या माशाने लहान मासा खाल्ला की अळी नव्या पोटात तशीच जिवंत राहते, म्हणून वयस्क शिकारी माशांत त्या साठत जातात. माशातली अळी पांढरट, 2 ते 3 सेंटिमीटर लांब आणि चपटी गुंडाळी करून बसलेली असते. सीलमध्ये प्रौढ होणाऱ्या स्यूडोटेरानोव्हा या दुसऱ्या जंताची अळी तिच्याहून मोठी आणि तपकिरी असते, त्यामुळे ती सहज दिसते. माणसाच्या पोटात यांची वाढ पूर्ण होत नाही. अळी जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत तोंड खुपसते आणि काही दिवसांत मरते. पण तेवढ्यात होणारा दाह जबर असतो.

नेदरलँड्समध्ये 1955 पासून असे रुग्ण दिसू लागले. हलके खारवलेले कच्चे हेरिंग खाल्ल्यानंतर पोटात असह्य कळा येत. शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या भिंतीला सूज असे, त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी आणि मधोमध अळी. फान थील, कायपर्स आणि रोस्कम या संशोधकांनी 1960 मध्ये अळी आणि आजार यांचा हा संबंध मांडला. लोक हेरिंग पिढ्यान्‌पिढ्या खात होते, मग आजार तेव्हाच का दिसला? त्याचे उत्तर मासा हाताळण्याच्या पद्धतीत शोधले गेले. पूर्वी बोटीवरच कल्ले आणि आतडी काढून हेरिंग मिठात भरत. नंतर अख्खा मासा बर्फात ठेवून बंदरावर आणला जाऊ लागला आणि मीठही कमी झाले. मासा मेल्यावर आतड्याभोवतीच्या अळ्या मांसात सरकतात, असे हे स्पष्टीकरण. ते निम्मेच खरे मानावे. काही अळ्या मासा जिवंत असतानाच मांसात, विशेषतः पोटाच्या पातळ पट्ट्यात, शिरलेल्या असतात. म्हणून आतडी ताबडतोब काढणे अत्यावश्यक आहे, पण तेवढ्याने मासा सुरक्षित होत नाही. डच सरकारने 1968 मध्ये कच्च्या खाण्याचे हेरिंग गोठवणे सक्तीचे केले आणि तिथले रुग्ण जवळपास थांबले. अन्नसुरक्षेत इतका साधा उपाय इतका नेमका लागू पडल्याची उदाहरणे थोडी आहेत.

जपानमध्ये आजार 1960 च्या दशकात ओळखला गेला, पण तिथे कच्चा मासा ताजाच खाण्याची रीत असल्याने गोठवण्याची सक्ती झाली नाही. तिथल्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. तोंडातून दुर्बीण घालून अळी चिमट्याने उपटून काढायची, की कळा लगेच ओसरतात. जठरातला त्रास बहुधा खाल्ल्यापासून काही तासांत सुरू होतो, तर आतड्यातला एक ते पाच दिवसांनी. आतड्यातला त्रास अपेंडिक्ससारखा भासतो आणि नाहक ऑपरेशन होते. कच्चा मासा खाल्ला होता का, एवढे विचारले तरी निदानाची दिशा बदलते.

पश्चिम जर्मनीत 1987 मध्ये दूरचित्रवाणीवर हेरिंगमधले जंत दाखवले गेले आणि मासळीची विक्री कोसळली. त्यानंतर कडक नियम आले. 1991 च्या युरोपीय निर्देशात अळ्यांसाठी माशाची नजरेने तपासणी आणि ठरावीक प्रकारांना गोठवणे आले. नजरेच्या तपासणीत काप प्रकाशपटलावर धरतात. पातळ, फिकट मांसात अळी दिसते. जाड किंवा तेलकट काळपट मांसात खोलवरची सुटते. प्रयोगशाळेत काप दाबून गोठवतात आणि अतिनील प्रकाशात पाहतात, तेव्हा मेलेल्या अळ्या चमकतात.

चुका नेहमी त्याच ठिकाणी होतात. व्हिनेगरात मुरवलेले मांस पांढरे, शिजल्यासारखे दिसते, पण आतली अळी जिवंत असते. स्पेनमध्ये व्हिनेगरातल्या अँकोव्हींमुळे हा आजार पसरला आणि 2006 मध्ये तिथे उपाहारगृहांना गोठवण्याची सक्ती झाली. लिंबू, सोया सॉस, वासाबी आणि थंड धुरावणी (मासा न शिजवता धुरी देणे) यांवरही भरवसा ठेवू नये. घरचा फ्रीझर बहुधा उणे 18 च्या आसपास असतो आणि जाड तुकडा आतपर्यंत सावकाश गोठतो. म्हणून घरासाठी स्पेनची सरकारी संस्था उणे 20 ला पाच दिवस सांगते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात उणे 20 ला सात दिवस आहेत. शिजवताना तुकड्याच्या मध्यभागी 60 अंश किमान एक मिनिट टिकले पाहिजेत. कडा फुटून सुटू लागल्या म्हणजे आतला भाग तापला, असे नव्हे. मत्स्यशेतीत कोरड्या खाद्यावर वाढवलेल्या माशांना युरोपने 2011 मध्ये गोठवण्यातून सूट दिली, कारण त्यांच्या खाद्यात जिवंत अळी नसते.

एका बाबतीत मात्र गोठवणे अपुरे ठरते. जपानमध्ये 1990 मध्ये असे दिसले की मॅकरेल खाऊन अंगावर गांधी उठणाऱ्या काहींना ती अ‍ॅलर्जी माशाची नसून अ‍ॅनिसाकिसची होती. त्यानंतर स्पेनमध्ये असे रुग्ण मोठ्या संख्येने नोंदले गेले. अळीतली काही प्रथिने उष्णतेला आणि गोठण्याला दाद देत नाहीत, त्यामुळे अळी मेली तरी ती मांसात उरतात. बहुतेक संवेदनशील लोकांना नीट गोठवलेला मासा सोसतो, पण काहींना मेलेल्या अळीचाही त्रास होतो. अशा व्यक्तीने माशाची आणि अ‍ॅनिसाकिसची अ‍ॅलर्जी वेगवेगळी तपासून घ्यावी आणि समुद्रात धरलेला मासा खायचा की नाही, हे अ‍ॅलर्जीतज्ज्ञाला विचारून ठरवावे.