दाराला कुलूप सारखंच: ‘जगायला जाणं’ वेगळं, गाव सुटणं वेगळं

फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावर गेलात तर ओळीनं बंद घरं दिसतात. बाहेरचा माणूस लगेच म्हणतो, गाव ओस पडलं. पाड्यावरची म्हातारी मात्र सांगते, “पोरं जगायला गेलीत.” म्हणजे भात, नागली (नाचणी) घरात आली, दिवाळी झाली आणि मजुरांची टोळी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर गेली. होळीला दोन दिवस येतील, पुन्हा जातील आणि पावसाआधी शेताला हजर होतील. बिऱ्हाड हलवून नाशिकला राहायला गेलेलं कुटुंब ही निराळीच गोष्ट. दोन्हींना ‘स्थलांतर’ हा एकच शब्द लावला जातो, आणि गाव टिकवण्याच्या योजनांबद्दल लोकांना काय वाटतं याचा अंदाज तिथेच चुकतो.

ओळखायचं कसं? कुलपाकडे बघू नका, कौलांकडे बघा. परत येणारं कुटुंब जेठात छप्पर शाकारतं, त्याआधी राब भाजतं, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून ठेवतं. नागलीची कणगी शेणानं लिंपून बंद केलेली असते. घरात दाणा ठेवून कोणी कायमचं जात नाही. दोन पावसाळे कौलं फिरवली नाहीत की कुडाची भिंत आतून भिजून बसते. ते घर सुटलं समजा. कागदावरची खूण शाळेत सापडते. हंगामी कुटुंबाचं मूल पटावर असतं पण गैरहजर असतं. कायमचे गेलेले शाळा सोडल्याचा दाखला नेतात. सातबाऱ्यावरून मात्र घाईनं निष्कर्ष काढू नये. पीकपाहणी मोबाइलवर आल्यापासून रेंज नसलेल्या पाड्यावर पीक उभं असूनही नोंद राहून जाते, आणि कसलेली जमीन कागदावर पडीक ठरते.

आता मतांकडे. ‘स्थलांतर थांबवणारी योजना हवी का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्या होकाराला फारसा अर्थ नाही. जगायला जाणाऱ्याला जाणं बंद व्हावं असं वाटतंच असं नाही. त्याला उचल घेऊन बांधलं जायचं नसतं आणि बागेवरच्या शेडमध्ये लेकरं झोपवायची नसतात. रोजगार हमीवर त्याचा राग असतो तो मजुरीच्या तारखेवरून. नियमानं मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम आणि कामानंतर 15 दिवसांत मजुरी मिळायला हवी. पण आठवड्याच्या बाजाराला रोख लागते आणि बागेवरचा हिशेब टोळीच्या हातात लवकर पडतो. शिवाय काम तोंडी मागितलं जातं. तारीख घातलेला मागणी अर्ज आणि त्याची पोच नसेल तर 15 दिवस मोजायचे कुठून? मग बेकारी भत्ताही नाही आणि दप्तरी शेरा पडतो, ‘मागणी नाही’. योजनेला प्रतिसाद नाही असं म्हणतात, त्यातलं बरंचसं हे असतं.

बागाईतदाराचं मत याच्या उलट्या टोकाला. ऑक्टोबर छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), काढणी यांत मजूर चार दिवस उशिरा आला तरी नुकसान होतं. त्याला पाड्यावरची माणसं हंगामात पाड्यावरच थांबलेली परवडत नाहीत. एकाच जिल्ह्यातली ही दोन मतं बेरीज करून ‘जिल्ह्याचं मत’ काढणं हा निव्वळ आकड्यांचा खेळ आहे.

कायमचा गेलेला माणूस रोजगार हमीबद्दल बोलतच नाही. त्याला रस्ता हवा असतो, सणाला गाडी दारापर्यंत जावी म्हणून. जो अजून गेलेला नाही पण जायच्या बेतात आहे, तो मोजतो शाळा आणि दवाखाना. इगतपुरी तालुक्यात भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या दरेवाडीची शाळा बंद होणार म्हटल्यावर 2022 मध्ये मुलं शेळ्या घेऊन थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली: दप्तर घ्या, बकऱ्या द्या. त्याच वर्षाअखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी सुविधा मिळत नसतील तर गुजरातमध्ये घाला अशी मागणी केली. हा गाव सुटण्याच्या आधीचा आवाज, आणि त्यावर मजुरीचे दिवस वाढवणं हा उतारा नाही. उलट फक्त हंगामी जाणाऱ्या कुटुंबाला मुलासाठी हंगामी वसतिगृह किंवा आजीकडे राहून चालू राहणारी गावातलीच शाळा लागते. म्हणजे शाळा दोघांनाही हवी, पण एकाला ती वर्षभर दारात हवी आणि दुसऱ्याला दिवाळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) मूल सांभाळणारी.

मत कधी विचारलं, यावरही सगळं फिरतं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला टोळ्या बागांवर असतात; हात वर करतात ते मागे राहिलेले म्हातारे आणि नोकरदार. गणपूर्ती ठरावीक टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी ते. ठराव रीतसर होतो, पण तो ज्यांच्यासाठी, ते सभेला नसतात. 15 ऑगस्टला तीच माणसं आवण (भातलावणी) करून गावात असतात. रोजगाराचा आणि वसतिगृहाचा विषय तेव्हा घ्यावा.

जनगणनेचंही तेच. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन द्राक्षकाढणीत. त्या संपूर्ण काळात बाहेर असलेला माणूस जिथे सापडला तिथे मोजायचा, असा नियम. म्हणजे पाड्यावरची डोकी निफाडच्या खात्यात जाऊ शकतात. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्यामुळे तो आकडा हाती आल्यावर ‘पाडा घटला’ म्हणण्याआधी त्याच पाड्याचा ऑगस्टमधला शाळेचा पट आणि जेठात शाकारलेली छपरं शेजारी ठेवून बघावीत.